किनारा-संवर्धनातील स्वयंसेवा : पुणे आणि कोकण

समुद्रकाठचा भूप्रदेश राखण्यासाठी पगार न घेता, ठरवून आणि एकत्र येऊन केलेल्या कामाला किनारा-संवर्धनातील स्वयंसेवा म्हणतात. या भूप्रदेशात केवळ पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, येत नाही. वाळूच्या टेकड्या, खाडीचे मुख, खाजण (भरतीचे पाणी शिरते ती चिखलाची, कांदळवनाची जागा), मागची माड-पोफळीची वाडी आणि तिच्या डोक्यावरचा कातळसडा (खडकाळ पठार) हे सगळे एकमेकांच्या आधाराने टिकलेले असते. महाराष्ट्रात हे काम सर्वांत जास्त दिसते ते रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत. तिथे बाहेरून येणाऱ्या हातांपैकी मोठा वाटा मुंबई आणि पुण्याचा आहे.

पुण्याला समुद्र नाही. तरी शुक्रवारी रात्री सामान भरून ताम्हिणी उतरायचे, माणगाव गाठायचे आणि पहाटे समुद्राचा वास घ्यायचा, हे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. या नात्याला इतिहासही आहे. कासवांमुळे आज सर्वांना ठाऊक झालेले मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. वेळासच्या भानू घराण्यातला हा माणूस पुण्यात पेशवाईचा कारभार पाहत होता, आणि त्याचा वाडा आजही बुधवार पेठेत उभा आहे. कोकणातून देशावर आलेल्या अनेक घराण्यांच्या कुलदेवता अजून खालीच आहेत. त्यामुळे ‘गावी जाणे’ आणि ‘किनाऱ्यावर कामाला जाणे’ यांतली रेघ बऱ्याचदा पुसट असते.

शहरातल्या संस्थांमुळेही हा ओढा वाढला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या दोन्ही संस्थांची पश्चिम विभागीय केंद्रे पुणे परिसरात आहेत. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने परिसंस्थेचे पुनरुज्जीवन हा विषय सामान्य पदवीधरांना शिकवला. अशा वर्गांतून बाहेर पडलेली माणसे किनाऱ्यावर गेली की कचऱ्याच्या पिशवीसोबत वहीही नेतात. विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेत मात्र किनारा क्वचितच येतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर करायचे असते. पण पुणे विद्यापीठाच्या पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांना समुद्र लागत नाही. म्हणून कोकणात उतरतात ते मुख्यतः नोकरदारांचे गट, गिर्यारोहण मंडळे, शाळा आणि सोसायट्यांमधली कुटुंबे.

जगात ही पद्धत फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये नॅशनल ट्रस्टने किनारपट्टी विकत घेऊन राखण्याची ‘नेपच्यून’ मोहीम १९६५ मध्ये सुरू केली. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये सुरू झालेली सफाई आज सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी अनेक देशांत होते. या मोहिमेत नुसता कचरा उचलत नाहीत, प्रत्येक वस्तू मोजून तक्त्यावर लिहितात. आपल्याकडे श्रमदान हा शब्द आधीपासून होता. मोजणीची सवय नंतर आली.

वेळासची कासवे

सह्याद्रीच्या पश्चिमेला स्वयंसेवेचे सर्वांत नावाजलेले उदाहरण वेळासचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत होते. तेव्हा त्यांना इथल्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. चौकशी केल्यावर कळले की अंडी खणून नेण्याचा प्रकार नेहमीचाच होता. जी उरत ती कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जात. गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी सुरक्षित जागी हलवण्याचे काम सुरू झाले, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांनी गावातल्या घरांतच उतरायचे, तिथेच जेवायचे आणि पैसे घरमालकाला द्यायचे, ही त्याची रचना. वाळूतल्या अंड्यांपेक्षा त्यांतून निघणाऱ्या पिल्लांत जास्त मिळकत आहे, हा हिशेब गावाला पटला. पुण्याच्या स्वयंसेवकाने वेळाससाठी केलेले पहिले काम तर हेच, की तो आला, कुळथाचे पिठले जेवला आणि पैसे देऊन गेला. याला स्वयंसेवा म्हणायचे का, यावर वाद घालता येईल. उपयोग मात्र वादातीत आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येते. भरतीच्या रेषेच्या वर मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी फुगलेला, घागरीसारखा खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, वर अंगाने थोपटते आणि मागे न पाहता निघून जाते. पहाटे अंधारात किनारा चालणारा कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारा गावकरी, तिचा माग पाहतो आणि बारीक काठीने वाळू चाचपतो. काठी एका जागी सहज खाली गेली की तिथे हाताने उकरायला लागतो. हे चाचपणे शिकायला एक अख्खा हंगाम जातो. काठीला जोर जास्त लागला तर अंडे फुटते.

अंडी टोपलीत उचलताना ती फिरवायची नाहीत. घातल्यानंतरच्या काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर तो मरतो. म्हणून घरटे सापडले की त्याच सकाळी ते कुंपणात हलवतात. या कुंपणाला किनाऱ्यावर सगळे ‘हॅचरी’च म्हणतात. तिथे तसाच, तेवढाच खोल खड्डा हाताने करून अंडी ठेवायची आणि पाटीवर तारीख व संख्या लिहायची. पुढचे साधारण ४५ ते ५५ दिवस वाट पाहायची. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. उष्ण वाळूतून माद्या जास्त निघतात आणि फार तापली तर काहीच निघत नाही. त्यामुळे मार्चनंतर हॅचरीवर सावलीची जाळी बांधणे हे बाहेरून आलेल्या माणसाला बिनधास्त सोपवता येते.

घरट्यावर उपडी घातलेली टोपली पहाटे उचलतात. कधी खाली वाळू थोडी खचलेली दिसते, कधी पाच-पंचवीस काळसर पिल्ले एकमेकांवर चढत असतात, तर पुष्कळदा काहीच नसते. पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, आणि मोकळ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असते ती समुद्राची बाजू. मोबाइलचा फ्लॅश मारला की ती माणसांकडे वळतात. दोरीच्या अलीकडे लोकांना थोपवून धरणे, फ्लॅश बंद करायला लावणे आणि ‘आज एकही नाही? आम्ही पुण्याहून आलो आहोत’ या तक्रारीला शांतपणे उत्तर देणे, ही मार्चमधल्या रविवारी स्वयंसेवकाची खरी कामगिरी. पिल्लू हातात घेऊन पाण्यात सोडायचे नसते. ते वाळूवरून स्वतः चालत गेले पाहिजे. शिवाय समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला किंवा त्याच्या अंड्यांना हात लावणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर २०२१ साली ओडिशात लावलेला धातूचा बिल्ला सापडला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या कासवांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही, या जुन्या प्रश्नाला त्या बिल्ल्याने नवे वळण दिले. तो दिसला तो गस्तीवर कोणी होते म्हणून.

सफाई आणि तिथी

किनारा-सफाई सोपी वाटते, म्हणून तिच्यातच सर्वाधिक चुका होतात. पहिली चूक वेळेची. शनिवारी सकाळी नऊला गट पोचतो आणि पाहतो तर पाणी वाडीच्या गडग्याला लागलेले. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येते, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. काम सहा ते नऊ करायचे असेल तर पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपासचा शनिवार बरा. शिवाय उधाणाने ताजा कचरा वर आणून टाकलेला असतो. भिंतीवरचे कॅलेंडर पाहून हे पुण्यातच ठरवता येते.

दुसरी चूक ‘स्वच्छ’ या शब्दाच्या अर्थाची. शहरी नजरेला मर्यादवेल म्हणजे तण वाटते, आणि भरतीच्या रेषेवरचा शेवाळ-काटक्यांचा पट्टा म्हणजे घाण. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू बांधून ठेवते. ती उपटली की पुढच्या पावसात टेकडीचा पाय सुटतो. त्या शेवाळाच्या पट्ट्यात किडे असतात आणि त्यांवर किनारी पक्षी जगतात. प्लास्टिक उचलायचे आणि बाकीचे तसेच ठेवायचे, एवढे समजायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास कामाला लागण्याआधी द्यावा लागतो.

वाळूत अर्धे गाडलेले नायलॉनचे जाळे हा वेगळाच प्रकार. वर दिसतो हातभर हिरवा दोर. चार जणांनी ओढला तरी तो हलत नाही, कारण खाली भिजल्या वाळूचे ओझे असते. भोवताली खणून, कोयत्याने तुकडे करत काढले तर एक जाळे सकाळ खाते, आणि मोजणीच्या तक्त्यात ‘१’ लिहिले जाते. शंभर बाटल्यांचा फोटो चांगला येतो. जाळ्याचा येत नाही.

तिसरी गोष्ट चुकीपेक्षा गैरसोयीची आहे. गोळा केलेला कचरा जातो कुठे? लहान ग्रामपंचायतीकडे तो पुढे नेण्याची सोय नसते. पोती किनाऱ्यालगत रचून ठेवली की उन्हाने विरतात आणि जूनच्या उधाणात सगळा ऐवज समुद्राला परत मिळतो. पुणेकराला ओला-सुका वेगळा करण्याची सवय आहे, आणि तिचा इथे खरोखर उपयोग होतो. घट्ट प्लास्टिक, थर्माकोल, चपला, दोर जागच्या जागी वेगळे केले तर भंगारवाला काही तरी उचलतो. उरलेले गाडीत घालून परत नेणारे गटही आहेत. ही पद्धत गैरसोयीची आहे, पण यापेक्षा प्रामाणिक दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

जाता जाता एक भूगोल. पुण्याचा नदीत टाकलेला कचरा कोकणात येत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीतून पुढे कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलादेवीपाशी बंगालच्या उपसागराला. तो किनाराही ऑलिव्ह रिडलेचाच आहे. म्हणजे संगम पुलाखाली वेचलेली पिशवी ही दूरच्या एका किनाऱ्याचीच सफाई असते, फक्त तिथले कासव पुणेकराला दिसत नाही.

खाजण आणि टेकडी

खाजणात झाडे लावण्याचा उत्साह बराच असतो. कांदळाचे शेंगेसारखे लांब, झाडावरच रुजलेले बी चिखलात खोचले की दोन तासांत पाचशे ‘झाडे’ होतात. पण जिथे भरतीचे पाणी येते-जाते तिथे तिवर आणि चिपी ही कांदळवनातली झाडे आपोआप उगवतात. जिथे बांध किंवा भराव घालून पाणी अडवले आहे तिथे लावलेली जगत नाहीत. मोकळ्या चिखलपट्टीवर झाडे लावली तर हिवाळ्यात तिथे चरणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा जाते. राज्याच्या वनखात्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. खाजणात काम करायचे तर आधी त्याला विचारणे हाच रस्ता. श्वसनमुळांत अडकलेल्या पिशव्या सोडवण्याचे काम चिखलाचे आणि कंटाळवाणे, पण निर्विवाद उपयोगाचे.

वाळूच्या टेकड्यांवर सुरूच्या झाडांची लागवड हा जुना वाद आहे. सुरूची ओळ वारा अडवते आणि वाडीला आडोसा देते. पण तिच्या सुयांच्या थराखाली स्थानिक वेली वाढत नाहीत आणि कासवाला खणायला मोकळी वाळू उरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागात माड-पोफळीबरोबर सुरूही आडवे केले. पुन्हा सुरूच लावायचा की केवडा, उंडी, निर्गुडी, हा निर्णय बागायतदाराचा आणि वनखात्याचा आहे; पाहुण्याने तिथे मत देण्यापेक्षा खड्डे खणावेत.

हंगाम

या सगळ्या व्यवस्थेतली खरी अडचण दिवसांची आहे. कासव वार पाहून येत नाही. मंगळवारी रात्री दीड वाजता किनारा चालणारा कासवमित्र गावातला असतो आणि त्याला त्याचे मानधन वेळेवर मिळणे हे दहा शिबिरांपेक्षा महत्त्वाचे ठरते. पुण्यातले जे गट वर्षानुवर्षे टिकले, त्यांनी हे ओळखून कामे वाटून घेतली : विजेऱ्या, जाळी आणि पाट्यांचा खर्च, शाळांतून माहिती देणे आणि घरट्यांच्या वहीतल्या नोंदी संगणकावर चढवणे.

मेमध्ये शेवटची घरटी उकरतात. रिकामी टरफले एका बाजूला, न उबलेली अंडी दुसऱ्या बाजूला ठेवून मोजतात, आणि त्यावरून त्या घरट्यात किती अंडी उबली याचे शेकडा प्रमाण काढतात. वास इतका असतो की तोंडाला फडके बांधावे लागते. मग जाळी गुंडाळून आणि बांबू उपटून गावातल्या एखाद्या पडवीत ठेवतात, कारण पावसाळ्यात समुद्र हॅचरीच्या जागेवरून आत येतो.