अंकीय दस्तऐवजांचे दीर्घकालीन जतन (कोल्हापूर)

संगणकीय स्वरूपातील नोंदी, छायाचित्रे आणि मजकूर अनेक दशके शाबूत, वाचनीय व विश्वासार्ह ठेवण्याचे काम. कोल्हापूरला दप्तर सांभाळण्याची सवय जुनी आहे. करवीर संस्थानचे मोडी कागद रुमालांत बांधलेले असत. ओल आणि वाळवी दूर राहिली, तर वर्षानुवर्षे कोणी गाठ सोडली नाही तरी कागद टिकतो. फाइलचे तसे नाही. हार्ड डिस्क कपाटात नुसती पडून बिघडते, घरी भरलेल्या सीडीचा थर खराब होतो आणि फ्लॉपी धड असली तरी ड्राइव्ह मिळत नाही.

मराठीत सर्वांत मोठा घोळ फॉन्टचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, रुळण्यापूर्वी पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, लग्नपत्रिका हे सारे डीटीपीवाले पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या फॉन्टात जुळवत. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ मधली. या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावला तरी ‘आर्थिक’सारखा शब्द अडतो. जुन्या फाइलीत दिसतो तोच क्रम असतो : आधी वेलांटी, मग ‘थ’, मग रफार. युनिकोडमध्ये आधी ‘र्’, मग ‘थ’, शेवटी वेलांटी. कन्व्हर्टरचा एक नियम चुकला की अहवालभर तीच चूक पसरते आणि मुद्रितशोधन नव्याने करावे लागते.

फॉन्ट फाइलीतच सामावून घेणारे पीडीएफ-ए हे मानक (आयएसओ १९००५) २००५ पासून आहे. त्यात जुना मजकूर दिसतो बरोबर, पण आत रोमन अक्षरेच राहिल्याने शब्द शोधायला गेले तर बहुधा सापडत नाही.

मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. रुमालांचे स्कॅन म्हणजे मुळात चित्रेच. त्यांना तारीख, गाव, प्रकरण आणि रुमाल क्रमांक जोडला नाही, तर हजारो फाइलींतून हवा तो कागद काढणे अशक्यच. स्कॅनिंग झाले म्हणजे जतन झाले, हा समज फार पसरलेला आहे.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत बाहेरगावी असा सर्वमान्य नियम आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरीच्या सखल भागात पंचगंगेचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे संगणक आणि त्यांच्याच शेजारी ठेवलेला बॅकअप एकदमच जाण्याचा धोका उघड झाला. बाहेरगाव म्हणून सांगली निवडण्यातही अर्थ नाही; कृष्णा त्याच पावसाने चढते. प्रत शाबूत आहे का, हे चेकसम या अंकीय ठशावरून कळते : एक बिट बदलला तरी ठसा जुळत नाही. तो ठरावीक काळाने ताडून पाहावा लागतो, आणि या कामाला अंदाजपत्रकात सहसा पैसे धरलेले नसतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही पाहता येण्याजोगी असली तरच ती जतन केली असे मानले जाते. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र मात्र काही वर्षांतच संपते. म्हणून सही वैध असतानाच केली होती हे दाखवणारा विश्वसनीय कालशिक्का दस्तऐवजासोबत ठेवावा लागतो.