बेट रिकामे करून पाहू

‘निसर्ग आपला समतोल आपणच सांभाळतो’ असा संदेश परवा पुन्हा मोबाइलवर आला, खाली जोडलेले हात. समतोल असतो हे खरे. पण तो सांभाळणारे कोणी नसते.

बेटांवरच्या जीवांचा अभ्यास म्हणजे बराच काळ नुसत्या याद्या होत्या. त्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर एक नियम दिसला: बेटाचे क्षेत्रफळ दहापट झाले की जाती साधारण दुप्पट होतात. असे का, हे यादी सांगत नाही.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी 1963 मध्ये उत्तर सुचवले. बेटावर जाती येत राहतात आणि असलेल्या संपतही राहतात. बेट भरत जाते तसे येणाऱ्यांत नवखे कमी होतात, कारण बहुतेक जाती आधीच हजर असतात. उलट संपणाऱ्या वाढतात. दोन्ही वेग जुळले की आकडा थांबतो. भरलेल्या एसटीसारखे: थांब्यागणिक चढउतार, गर्दी तेवढीच, चेहरे वेगळे. लांबच्या बेटावर चढणारे कमी. लहान बेटावर प्रत्येक जातीची डोकी कमी, म्हणून उतरणारे जास्त.

हे तपासायचे कसे? विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी 1966-67 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची कांदळाची सहा चिमुकली बेटे निवडली, जेमतेम पंधरा मीटर रुंद. आधी कीटक, कोळी वगैरे मोजले. मग घरांतली वाळवी मारणारे ठेकेदार बोलावून बेटांवर चक्क तंबू उभारले आणि मिथिल ब्रोमाइडचा धूर सोडला. झाडे बहुतेक तगली, कीटक संपले. पुढे महिनोन्‌महिने चिखल तुडवत मोजणी.

सुमारे आठ महिन्यांत सर्वांत दूरचे बेट सोडून बाकीच्यांवर आकडा जवळपास पूर्वीइतका झाला. यादी मात्र वेगळी! जुन्या कित्येक जाती परतल्याच नाहीत, ज्या आल्या त्यांतल्याही काही पुन्हा गायब झाल्या. हिशेब जुळला, पण ठेवला कोणीच नव्हता.

आता हेच गणित आपल्या सह्याद्रीतल्या कातळसड्यांना, तुटक देवरायांनाही लावले जाते. तिथे जपून. बेटाभोवतीच्या समुद्रात कीटक-कोळी वस्ती करत नाहीत. देवराईभोवतीच्या शेतात मात्र बऱ्याच जाती मजेत राहतात.