तोंडाचं अवधाण मानेत येतं

पायात काटा मोडून जखम चिघळली की दोन दिवसांत जांघेत गाठ येते. निपाणी, संकेश्वर, खानापूर भागात तिला अवधाण म्हणतात. पोरानं गाठ दाखवली की घरची म्हातारी गाठीकडे बघतसुद्धा नाही. ‘पाय दाव आधी, कुठं लागलंय?’ एवढंच विचारते. जखम एकीकडे, गाठ दुसरीकडे आणि दोन्हींना जोडणारी एक वाट शरीरात आहे, हे शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही आपल्याकडे ठाऊक आहे. मात्र तोंडातल्या जखमेची वाट मानेत उतरते, हे आमच्या तंबाखूच्या पट्ट्यात अजून घरोघरी पोचलेलं नाही. त्यासाठीच हा मागचा इतिहास सांगावासा वाटतो.

मानेतल्या गाठी आपल्या वैद्यांना नवीन नव्हत्या. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं, म्हणजे घाव बसला तर जिवावर बेतणाऱ्या जागा, सांगितली आहेत, त्यांतली ३७ एकट्या मान आणि डोक्यात. त्याच ग्रंथात अपची नावाच्या रोगाचं वर्णन येतं. जबडा, मान, गळ्याचं हाड, काख या ठिकाणी आवळ्याच्या आठळीएवढ्या गाठी उठतात, असं ते आहे. अवधाणात सुजतात त्या लसीका ग्रंथी आज जिथं जिथं हाताला लागतात, नेमक्या त्याच या जागा. कारण मात्र मेद आणि कफ दिलं आहे. आपण ज्याला गंडमाळ म्हणतो, त्या मण्यांच्या माळेसारख्या गाठी बहुतेक वेळा क्षयाच्या निघतात.

वाट दिसली ती १६२२ साली, इटलीत. गास्पारे आसेल्ली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. आधी त्यांना त्या नसा, म्हणजे मज्जातंतू, वाटल्या. एक दोरा कापला, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढं १६५० च्या दशकात स्वीडनचे रुडबेक आणि डेन्मार्कचे बार्तोलिन यांनी अशाच वाहिन्या शरीरात इतरत्र दाखवल्या. त्यांतला द्रव पाण्यासारखा नितळ असतो. तीच लसीका. वाटेत जागोजागी ती ग्रंथींमधून गाळून पुढं जाते आणि शेवटी गळ्याच्या बुडाशी मोठ्या शिरेत मिसळते. १९३२ साली फ्रान्सच्या आंरी रूव्हिएर यांनी या वाहिन्यांचा सबंध शरीराचा नकाशाच छापला. शरीरात साधारण ८०० लसीका ग्रंथी धरल्या जातात आणि त्यांतल्या जवळजवळ ३०० एकट्या मानेत. एवढ्याशा जागेत इतकी दाटी, कारण तोंड, नाक, घसा, टाळू या सगळ्यांचं पाणी तिथंच उतरतं.

आता आमच्या तंबाखूच्या पानाकडे येतो. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आला. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता, त्यानं तिथून तंबाखू आग्र्याच्या दरबारी नेला. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी तो आदिलशाहीत रुळला होता, आणि बेळगावचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीतच. पुढं निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी पेठ झाली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीत महामार्गावर ठाण मांडून बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. या पानावर इथल्या चुली पेटल्या आहेत. तंबाखूवर लिहिणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवूनच लिहावं.

पण तेच पान चुना लावून मळलं, की गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत बार म्हणून बसतं. बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावतात, तीही त्याच हिरडीला. रोज, वर्षानुवर्षं, एकाच जागेला. तिथं आधी पांढरा चट्टा, मग जखम, आणि कॅन्सर झाला तर त्याच्या पेशी लसीकेबरोबर जबड्याखालच्या ग्रंथींत उतरतात. जिभेचा असेल तर गळ्याच्या मोठ्या शिरेलगतच्या वरच्या ग्रंथींत.

आमच्या तात्यांना जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली होती. ‘दुखत न्हाई की ती, बसंल आपसूक,’ म्हणायचे. घरच्यांनी तीन महिने लेप लावले. घोळ इथंच होतो. अवधाण ठणकतं, कणकण आणतं, जखम भरली की बसतं. कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, टणक असते आणि बसत नाही. न दुखणारी ती गरीब, हा आपला हिशेब इथं नेमका उलटा पडतो. मिरजेला नेल्यावर डॉक्टर तात्यांच्या पाठीमागं उभे राहिले, हनुवटी खाली घ्यायला सांगितली म्हणजे मानेचे स्नायू सैल पडतात, आणि दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कडेनं फिरवली. गाठ लागताच म्हणाले, ‘तोंड उघडा.’ म्हातारी पाय बघते, तसंच. तीन महिन्यांत आमच्यापैकी एकानंही तात्यांना तोंड उघडायला सांगितलं नव्हतं.

या गाठी काढायची रीतसर शस्त्रक्रिया अमेरिकेच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली १३२ ऑपरेशनांच्या अनुभवावरून मांडली. एकेक गाठ वेचायची नाही, तर सभोवतालच्या चरबीसकट सगळा गठ्ठा एकसंध उचलायचा. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या हेज मार्टिन यांनी हीच पद्धत पक्की केली. त्यांच्या आग्रहानं मानेचा तिरका मोठा स्नायू, गळ्याची आतली शीर आणि खांद्याकडे जाणारी नससुद्धा काढली जाई. माणूस वाचायचा, पण खांदा लोंबायचा आणि हात खांद्याच्या वर जायचा नाही. शेतात राबणाऱ्याला आणि केस विंचरणाऱ्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ साली शरीररचनेकडे बोट दाखवलं. ग्रंथी असतात चरबीत, आणि स्नायू व शीर आपापल्या पातळ वेष्टनांत, वेगळ्या. वेष्टन सोलून घेतलं तर ग्रंथी काढता येतात आणि बाकीचं राखता येतं. लेख स्पॅनिशमध्ये होता. इटलीच्या एत्तोरे बोक्का यांनी ही रीत पुढं जगभर नेली. तात्यांची नस राखता आली. फडताळावरची टोपी ते आजही उजव्या हातानं काढतात, आणि मला ते बघत राहावंसं वाटतं.

आणखी एक प्रश्न प्रत्येक घरात निघतो. मानेत गाठ लागतच नसेल तर मानेला चीर कशाला? यावर डॉक्टरांमध्येही अनेक वर्षं दोन तट होते. उत्तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधून आलं. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाचा कॅन्सर लवकर सापडलेले, मानेत गाठ न लागणारे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटात तोंडाबरोबरच मानेच्या ग्रंथीही काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. हाताला न लागणाऱ्या ग्रंथींतही पेशी आधीच पोचलेल्या असू शकतात. म्हणून आता गालाचं ऑपरेशन ठरवतानाच डॉक्टर बहुतेक वेळा मानेचंही बोलतात, आणि जबड्याखाली बोट फिरवून चीर कुठून जाईल ते दाखवतात.