पेशींच्या मधली जागा रिकामी नसते

कापलेल्या बोटाची कड दुसऱ्या दिवशी लाल होते, सुजते, ठणकते. बऱ्याच जणांना वाटते की जखम बिघडली. पण जखम भरण्याची सुरुवात या दाहापासूनच होते. काळजी करायची ती तो वेळेवर ओसरला नाही तर. तो कधी भडकावा आणि कधी शमावा, हे ठरवण्यात पांढऱ्या पेशींबरोबर पेशींच्या अवतीभवती विणलेल्या प्रथिनांच्या जाळ्याचाही मोठा हात असतो.

कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन ही त्या जाळ्यातली काही प्रथिने. पेशींना धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम, असे पूर्वी मानले जाई. प्रत्यक्षात पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन रेणूंनी हे जाळे सतत चाचपत असतात आणि हाताला काय लागते त्यावरून सरकायचे, वाढायचे की गप्प राहायचे ते ठरवतात.

जाळे तुटले की तुटलेले तुकडेही बोलू लागतात. कोलॅजेनच्या मोडतोडीतून प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिन असा तीनच अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो आणि तो न्यूट्रोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते याच जाळ्यातले टेनॅसिन-सी हे प्रथिन. मोठ्या माणसाच्या निरोगी ऊतींमध्ये ते फारसे सापडत नाही, जखमेच्या कडेला मात्र भराभर तयार होते. जिवाणूंच्या आवरणाचा सुगावा देणारा टीएलआर-४ हा ग्राहीरेणू टेनॅसिन-सीमुळेही जागा होतो. म्हणजे एकही जंतू नसताना दाह सुरू होऊ शकतो. जखम भरत आली की हे प्रथिन नाहीसे व्हायला हवे. आमवाताच्या सांध्यांत ते ठाण मांडून बसलेले आढळते. ज्यांच्यात ते बनतच नाही अशा उंदरांच्या सांध्यांतला दाह लवकर ओसरला, हे 2009 साली प्रयोगांतून दिसले.

मधुमेहात पायाची जखम महिनोन्‌महिने चिघळते, तिथेही असेच दुष्टचक्र असते. न्यूट्रोफिल हटत नाहीत, त्यांची विकरे नवे फायब्रोनेक्टिन खाऊन टाकतात, आणि त्या मोडतोडीने दाह आणखी वाढतो. अशा जखमेतला मेलेला भाग डॉक्टर खरवडून काढतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सगळे सुरळीत झाले तर आधी घाईने घातलेले तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन जाऊन पहिल्या प्रकारचे, अधिक चिवट कोलॅजेन येते. तरी व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या फार तर 80 टक्क्यांपर्यंतच पोहोचते. आणि तोही कायमचा पक्का होत नाही. त्यातले कोलॅजेन झिजत आणि नव्याने बनत राहते. त्यासाठी क जीवनसत्त्व लागते. 1740च्या दशकात ब्रिटिश नौदल अधिकारी ॲन्सनच्या जलप्रवासात एका खलाशाला स्कर्व्ही, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झाला, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेल्या आणि केव्हाच भरून आलेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्याची नोंद आहे.