ऑक्टोपसची करमणूक

टाकीत पाळलेल्या ऑक्टोपसला धुंडाळायला, चाचपायला आणि खटपट करायला काहीतरी मिळत राहावे म्हणून टाकीची मांडणी, अन्न देण्याची रीत आणि आत सोडायच्या वस्तू यांची केलेली योजना. प्राणिसंग्रहालये व मत्स्यालये यांत या कामाला ‘एन्रिचमेंट’ म्हणतात. ‘करमणूक’ हा शब्द त्यामानाने हलका आहे. त्यातून हे काम म्हणजे हौसेचे लाड वाटतात, आणि ते तसे नाही.

ऑक्टोपस मृदुकाय संघातला, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या गोतावळ्यातला प्राणी. मात्र सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश मेंदूत नसून आठ बाहूंत असतात. बाहूंवरील चूषकांना, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांना, स्पर्शाबरोबर चवही कळते. समुद्रात हा प्राणी बिळातून निघतो, खडकांच्या फटींत बाहू घालून खेकडे हुडकतो, शिंपले उघडतो आणि पुन्हा बिळात शिरतो. टाकीत आयते अन्न समोर पडते आणि दिवसभराचे काम संपते. मग रिकामे बाहू टाकीकडेच वळतात: पंपाची नळी उपटणे, तापमापक ओढणे, झाकण रेटणे. जर्मनीतील कोबुर्ग येथील मत्स्यालयात २००८ मध्ये ओटो नावाच्या ऑक्टोपसने टाकीवरच्या दिव्यावर पाण्याची पिचकारी मारून पुन्हा पुन्हा वीज घालवली. न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातून २०१६ मध्ये इंकी हा ऑक्टोपस टाकीच्या झाकणाच्या फटीतून निसटला आणि सांडपाण्याच्या नळातून समुद्रात गेला. अशा गोष्टी ‘कंटाळ्या’च्या म्हणून सांगितल्या जातात. कंटाळा हा आपला अर्थ. फट सापडली की तिच्यात शिरून पाहणे हा मात्र या प्राण्याचा धर्मच आहे.

ऑक्टोपस खरोखर खेळतो का, या प्रश्नावर जेनिफर मेदर आणि रोलंड अँडरसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग महत्त्वाचा मानला जातो. सिअ‍ॅटल येथील मत्स्यालयात आठ महाकाय पॅसिफिक ऑक्टोपसांच्या टाक्यांत त्यांनी औषधाची रिकामी, तरंगणारी बाटली सोडली. बाटली खाण्याजोगी नाही हे कळल्यावर बहुतेकांनी तिचा नाद सोडला. दोघांनी मात्र पाण्याचा झोत मारून ती दूर ढकलली, टाकीतल्या प्रवाहाने ती परत आली, त्यांनी पुन्हा झोत मारला, आणि हे बराच वेळ चालले. आठांपैकी दोन हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकाला रमवणाऱ्या वस्तूकडे दुसरा ढुंकूनही पाहत नाही, आणि त्यात पाळणाऱ्याची काही चूक नसते.

सर्वांत प्रसिद्ध खेळ बरणीचा. पारदर्शक बरणीत खेकडा ठेवून आधी ती उघडीच देतात, नंतर झाकण सैल बसवतात, मग हळूहळू घट्ट करतात. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियममध्ये विल्सन मेनाशी या स्वयंसेवकाने एकात एक बसणाऱ्या पारदर्शक पेट्या तयार केल्या. प्रत्येक पेटीची कडी वेगळी. बघणाऱ्याला हा प्रकार फार आवडतो, म्हणूनच त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व मिळाले आहे. टाकीत दगडांची कपार, अंग जेमतेम मावेल असे बीळ आणि बिळाचे तोंड बुजवायला सुटे दगड-शिंपले नसतील, तर रोज नवी बरणी देऊनही फारसे साधत नाही. लपायला जागा असलेला ऑक्टोपसच निर्धास्तपणे बाहेर येऊन वस्तू हाताळतो. जिवंत खेकडा दगडांत सोडला तर शिकारीचा सगळा खटाटोप त्याला आपोआप मिळतो.

वस्तू निवडताना रंगांवर भर देण्यात अर्थ नाही. बहुतेक ऑक्टोपसांच्या डोळ्यांत एकाच प्रकारचे प्रकाशग्राही रंगद्रव्य असते, त्यामुळे आपल्यासारखे रंग त्यांना दिसत नाहीत. आकार, उजळ-काळोखातला फरक, खडबडीतपणा आणि पोकळी यांना किंमत आहे. प्लास्टिकचे जोडठोकळे, जाड नळीचे तुकडे, चेंडू, रिकामे शंख चालतात. तांबे विषारी ठरते, म्हणून तांब्या-पितळेचे काहीही नको. रंग सुटणारे, धारदार किंवा साबणाचा अंश राहिलेले तर नकोच. तीच वस्तू टाकीत पडून राहिली की तिच्यातला रस संपतो; काढून ठेवून काही दिवसांनी परत दिली तर पुन्हा चाचपणी सुरू होते.

माणूसही या परिसराचा भाग ठरतो. सिअ‍ॅटलमध्येच झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सारख्या पोशाखातली दोन माणसे होती. एक खाऊ घालणारा आणि दुसरा काठीने डिवचणारा. दोन आठवड्यांत ऑक्टोपस दोघांशी वेगवेगळे वागू लागले. हात पाण्यात घातल्यावर ऑक्टोपस आपणहून बाहू पुढे करत असेल तर ठीक. चिकटलेले चूषक ओढून काढू नयेत. अंग पांढरे पडणे, बिळात दडून राहणे किंवा शाई सोडणे ही नकाराची खूण समजावी. बंद टाकीतील शाई खुद्द त्याच्याच जिवावर बेतू शकते, तेव्हा पाणी लगेच बदलावे लागते. निळ्या वलयांच्या ऑक्टोपसच्या बाबतीत हाताळण्याचा प्रश्नच येत नाही: त्याच्या दंशातले टेट्रोडोटॉक्सिन हे विष माणसाला मारू शकते.

हा सगळा व्याप थोड्या काळाचा असतो. घरी पाळल्या जाणाऱ्या लहान जाती साधारण वर्ष-दोन वर्षे जगतात. अंडी घातलेली मादी खाणे सोडून ती राखत बसते. नरही प्रौढपणानंतर खंगतो. भूक मंदावते, त्वचेवर पांढरे चट्टे उठतात, हालचाली विस्कळीत होतात. या अवस्थेत बरण्या आणि कोडी बंद करून प्रकाश मंद ठेवतात आणि अन्न चिमट्याने थेट बिळाच्या तोंडाशी नेऊन देतात.