वॉकरने मूल लवकर चालत नाही

‘वेळेआधी जन्मलेलं मूल चालायला मागे पडतं, त्याला वॉकरमध्ये ठेवा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे.

आधी सुधारित वय काढा. ४० मधून जन्मावेळचे आठवडे वजा करा आणि उरतील तेवढे आठवडे आजच्या वयातून कमी करा. २८व्या आठवड्यात जन्मलेलं १५ महिन्यांचं मूल या हिशेबाने जेमतेम १२ महिन्यांचं. त्या वयात न चालणं म्हणजे उशीर नव्हेच! लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

वॉकरमध्ये मूल बसल्या बसल्या चवड्यांनी जमीन ढकलतं. तोल सावरणं, धरून उभं राहणं, पडून पुन्हा उठणं, यातलं काहीच त्याला करावं लागत नाही. वेळेआधी जन्मलेल्या काही मुलांचे पाय मुळात ताठ असतात, टाचा टेकत नाहीत. वॉकर नेमकी तीच सवय पक्की करतो. शिवाय जिन्यावरून कोसळण्याची भीती.

त्यापेक्षा अनवाणी खेळू द्या. छातीएवढ्या उंचीच्या, न हलणाऱ्या बाकावर खेळणी मांडा. मूल धरून कडेकडेने सरकेल. सुधारित १८ महिन्यांनंतरही चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टाचा सतत उचललेल्या असतील किंवा मूल एकाच बाजूचे हातपाय वापरत असेल, तर तेवढीही वाट पाहू नका.