एकशेवीस बटणांचा मोह आणि सत्तरीतला खांदा

निवृत्तीनंतर अकॉर्डियन शिकायचं मनात घेऊन कोणी चौकशीला निघालं, की जाणकार मंडळींकडून एक सल्ला हमखास मिळतो. "घ्यायचंच तर एकशेवीस बासचं घ्या. बहात्तर वगैरे शाळकरी पोरांचं." गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स या अकॉर्डियनवादकांचे सूर ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला हा सल्ला पटतोही. १२० हा डाव्या हाताच्या बटणांचा, म्हणजे 'बास'चा आकडा मोटारसायकलच्या सीसीसारखा सांगितला जातो, जितका जास्त तितका भारी. मग दहा-अकरा किलोंचं जुनं इटालियन वाद्य घरात येतं, थोडे दिवस कौतुकाने वाजतं, आणि खांदा धरला की खोक्यात बंद होऊन दिवाणाखाली जातं. दोष वयाच्या माथी मारला जातो. माझ्या मते तो बऱ्याचदा भात्याच्या क्षेत्रफळाचा असतो, आणि हे शाळेतल्या विज्ञानावर दाखवता येतं.

आधी त्या १२० चा हिशेब करू. डाव्या हाताखालची ही बटणं म्हणजे १२० वेगळे सूर नव्हेत. सप्तकातले सूर बाराच, आणि डाव्या बाजूच्या पोटात रीडही (हवेने थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या जिभा) त्या बारा सुरांचेच असतात, फक्त वेगवेगळ्या सप्तकांतले. बटणांच्या तिरक्या रांगा वीस आणि प्रत्येक रांगेत सहा बटणं: काउंटर बास (मूळ सुराचा गंधार), मूळ सूर, मग त्या सुराचे मेजर, मायनर, सेव्हन्थ आणि डिमिनिश्ड असे चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ. एका रांगेचा सूर सा धरला तर पुढच्या रांगेचा सूर त्याचा पंचम. असे पंचमाने बारा वेळा पुढे गेलात की फिरून मूळ सुरावर येता. म्हणजे बारा रांगांत सगळे सूर आणि सगळे कॉर्ड संपले. बारा गुणिले सहा बहात्तर. उरलेल्या आठ रांगा ही पुनरुक्ती आहे.

ती अगदीच निरुपयोगी नसते. ७२ बासमध्ये कडेच्या रांगेवर वाजवत असाल तर शेजारचा कॉर्ड शेजारी सापडत नाही, हाताला दुसऱ्या टोकापर्यंत उडी मारावी लागते. रेकॉर्डिंगला बसलेल्या वादकाला ही उडी परवडत नाही. सोसायटीच्या गणपतीत वाजवणाऱ्याला खुशाल परवडते. पांढरी एक असो की काळी पाच, गाणारा कुठलीही पट्टी सांगू दे, ७२ बासवर साथ होते. उजव्या हाताला मोठ्या वाद्यात ४१ पट्ट्या म्हणजे तीन सप्तकांहून थोड्या जास्त, ७२ बासमध्ये बहुधा ३४, म्हणजे पावणेतीन सप्तकं. गळ्याने गायलेली चाल दोन सप्तकांपलीकडे क्वचितच जाते.

पण त्या जादा पट्ट्यांची किंमत किती, ते बघा. अकॉर्डियनमध्ये प्रत्येक सुराला दोन रीड लागतात, एक भाता उघडताना वाजणारा आणि एक मिटताना. उजवीकडे ४१ पट्ट्या आणि रीडचे चार संच असले तर तिथेच ३२८ रीड झाले. डावीकडे पाच संच धरले तर आणखी १२०. एकूण ४४८ पोलादी जिभा, त्यांच्या धातूच्या पट्ट्या, लाकडी ठोकळे, झडपा, तरफा. हे सगळं १० ते १२ किलोंत जातं. ७२ बासचं वाद्य साधारण साडेसहा ते आठ किलोंत येतं.

वजन सगळ्यांना दिसतं. भात्याचा आकार कोणी मोजत नाही, आणि खरी गंमत तिथे आहे.

रीड ही एका टोकाला पक्की बसवलेली पोलादाची पातळ जीभ. दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबात फरक पडला की ती थरथरते. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने १८२९ मध्ये पेटंट घेतलं तेव्हाचं अकॉर्डियन पाच पट्ट्यांची छोटीशी पेटी होती, पण तत्त्व हेच. रीडला हवा असतो तो दाब. भाता मोठा आहे की लहान, याच्याशी तिला देणंघेणं नाही. समजा मध्यम आवाजासाठी भात्यात ५०० पास्कल दाब लागतो, म्हणजे नळीतलं पाणी जेमतेम पाच सेंटिमीटर वर चढवेल इतका. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. मोठ्या वाद्याचा भाता ४५ गुणिले २० म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर धरला तर हाताला ४५ न्यूटन, साडेचार किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागेल. लहान वाद्याचा भाता ३६ गुणिले १७, सुमारे ६१० चौरस सेंटिमीटर. जोर ३० न्यूटन, म्हणजे तीन किलो. दाब तोच, रीड तोच, आवाज तोच, पण हातावरचा भार एक तृतीयांशाने कमी.

निसर्ग फुकट काही देत नाही, हेही खरं. सेकंदाला एक लिटर हवा लागत असेल तर मोठा भाता सेकंदाला १.१ सेंटिमीटर सरकवून भागतं, लहान भाता १.६ सरकवावा लागतो. बल कमी, अंतर जास्त, गुणाकार तोच. दोन्हीकडे काम होतं सेकंदाला अर्धा ज्यूल, म्हणजे फक्त अर्धा वॅट. मोबाइल चार्ज करायला याच्या कितीतरी पट लागतात. मग अर्ध्या वॅटसाठी खांदा का भरून येतो?

कारण स्नायू भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे वागत नाही. टेबलावर ठेवलेली वीट धरून ठेवायला टेबलाला ऊर्जा लागत नाही, हाताला लागते. स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. मायोसिनचं टोक ॲक्टिनला पकडतं, ओढतं, सोडतं, पुन्हा पकडतं. प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्ची पडतो. हात एका जागी स्थिर असला, बाहेरचं काम शून्य असलं, तरी ही पकड-सोड आत चालूच असते. त्यात भर म्हणजे आकुंचन पावलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. ऑक्सिजनची गरज वाढलेली आणि नेमका तेव्हाच पुरवठा आवळलेला.

हे आवळणं तुम्ही तुमच्या कमाल ताकदीचा किती हिस्सा वापरताय यावर ठरतं. निम्म्या ताकदीने काही धरून ठेवलं तर स्नायू मिनिटा-दोन मिनिटांत हात टेकतो. पाव ताकदीने तो कित्येक मिनिटं टिकतो. म्हणजे जोर निम्मा केला की दम दुप्पट होतो असं नाही, दुपटीहून बराच जास्त होतो. आता यात वय घाला. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचं वस्तुमान काही टक्क्यांनी घटतं, साठीनंतर वेगाने. तेच साडेचार किलो तिशीतल्या खांद्याला किरकोळ वाटतात, सत्तरीत तो कमाल ताकदीचा बराच मोठा वाटा होऊन बसतो. म्हणून लहान भात्याने वाचवलेला दीड किलो कागदावर एक तृतीयांश दिसला तरी दमसासात त्याहून बरंच जास्त देतो. शिवाय लहान भात्याची दिशा लवकर बदलावी लागते. उघडणारे आणि मिटणारे स्नायू वेगळे. दिशा बदलली की एका गटाला श्वास घ्यायला मिळतो. गुरुजी ज्याला लहान वाद्याचा दोष म्हणतात, तो म्हाताऱ्या खांद्याच्या पथ्यावर पडतो.

पेटी वाजवणाऱ्यांना हा त्रास का जाणवत नाही? पेटीत बाहेरचा भाता आतल्या भात्यात हवा भरतो आणि आतली स्प्रिंग दाब टिकवते, त्यामुळे हाताला मधूनमधून सुट्टी असते. अकॉर्डियनमध्ये मधली ही साठवण नाही. तिथे स्प्रिंगचं काम दंडाने करायचं.

पाठीचं गणित थोडक्यात. उभं राहून वाजवताना वाद्याचं वजन मणक्याच्या साधारण वीस सेंटिमीटर पुढे लटकतं. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या जेमतेम पाच सेंटिमीटर मागे. म्हणजे पुढच्या दहा किलोंसाठी मागे चाळीस किलोंचा ताण. पुढचे तीन किलो कमी केले की मागचे बारा गेले. त्यामुळे स्टेजवरची ऐट सोडा आणि बसून वाजवा. मांड्या जमिनीला समांतर राहतील अशी, हात नसलेली खुर्ची घ्या. भाता डाव्या मांडीवर टेकवा आणि पट्ट्यांच्या बाजूचं खालचं टोक उजव्या मांडीच्या आत अडकवा, मग बरंचसं वजन खांद्यावरून मांडीवर उतरतं. उजवा पट्टा डाव्यापेक्षा थोडा लांब ठेवला की वाद्य डावीकडे नीट बसतं. दोन्ही पट्टे पाठीमागे जोडणारा आडवा पट्टा लावला की ते खांद्यावरून घसरत नाहीत. आणि खोकं जमिनीवर ठेवून वाकून वाद्य उचलू नका. हाडं विरळ झालेल्या मणक्यासाठी अख्ख्या रियाजातला सर्वांत धोक्याचा क्षण तोच. खोकं दिवाणावर ठेवा.

हवेची उधळपट्टी रोखण्याचा एक सोपा उपाय पट्ट्यांवरच्या रजिस्टरच्या, म्हणजे रीडचे कोणते संच वाजायचे ते ठरवणाऱ्या, बटणांत आहे. सगळे संच एकदम उघडणारं मास्टर बटण दाबलं की एकेका पट्टीला चार रीड बोलतात आणि हवा साधारण चौपट जाते. आवाज मात्र फक्त सहा डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला दहा लागतात. चौपट हवा खर्चून दुप्पटसुद्धा ऐकू येत नाही! एकाच रीडच्या क्लॅरिनेट रजिस्टरवर रियाज करा, मास्टर शेवटच्या कडव्यापुरता ठेवा.

आता तांब्याच्या कड्याविषयी. अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी असलेले अनेक वादक ते घालतात. त्याच्या नियंत्रित चाचण्या झाल्या आहेत आणि लुटुपुटूच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसलेला नाही. डाव्या मनगटावरचा पट्टा चाकाने सैल-घट्ट करता येतो, तो नीट लावल्याने अंगठ्याला जास्त आराम पडेल. तसंच "उजवा हात चाल, डावा हात बास, म्हणून दोन्ही मेंदू जागे, म्हणून विस्मरण होत नाही" हा व्हॉट्सॲपवरचा निरोप. वाद्य शिकणं मेंदूला चांगलं असेलही, पण ते विस्मरणावरची लस नाही. आवडतं म्हणून वाजवा, तेवढं कारण पुरे.

राहिली जुन्या वाद्याची खरेदी. जड वाटणारं वाद्य पुष्कळदा जड नसतं, गळकं असतं. रीडवरची कातडी आपल्या दमट हवेत वळते, झडपांखालचं फेल्ट झिजतं, उन्हात तापलेल्या गाडीत राहिलं तर रीड बसवलेलं मेण मऊ पडतं. मग तुमच्या जोरातला काही भाग सूर न काढताच निसटतो. हे दुकानातच तपासता येतं. भात्याचे दोन्ही चामडी बंद सोडा, कोणाच्या तरी मदतीने पट्ट्यांची बाजू वर धरा आणि एकही पट्टी किंवा बटण न दाबता बासची बाजू स्वतःच्या वजनाने खाली सुटू द्या. खाली हात धरलेला असू द्या. बासची बाजू चार किलोंची धरली तर ९०० चौरस सेंटिमीटरवर तिचा दाब ४४० पास्कलच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्यक्ष वाजवतानाच्या दाबाइतकाच. भाता हळूहळू, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ घेत उघडला तर वाद्य धडधाकट. चार-पाच सेकंदांत धप्पकन खाली आला, तर ते ७२ बासचं असो की १२०, आधी दुरुस्तीचा खर्च विचारून घ्या आणि मगच किमतीचं बोला.